महिन्याला एक युनिट

उत्तमनगरच्या शेवटच्या ओळीत,
जिथे सिडकोने कामगारांना दोन खोल्या आणि एक नळ दिला होता,
पगारातून कापून, हप्त्याहप्त्याने,
तिथलं एक बंद घर मोजायला मी गेले.
कंत्राटी सर्वेक्षक. घरामागे तीनशे वीस रुपये,
पेट्रोल आपलं आपण.

योजना अशी:
घर दोन वर्षं बंद पाहिजे,
छताला धोका पाहिजे, पायाला नको,
आणि रिकामेपणाचा पुरावा पाहिजे.
असण्याचा पुरावा देतादेताच माणसं टेकीला येतात,
नसण्याचा कुठून आणायचा?
म्हणून सोपं केलं: विजेची बिलं जोडा.
चोवीस महिने, चोवीस शून्य.

मोतीराम खैरनार दाराशी उभे होते.
सातपूरला चौतीस वर्षं लेथवर,
उजवं मधलं बोट अर्ध्यावर थांबलेलं.
पिशवीत बिलं, तारखेवार, रबर लावून.
कुलूप एका झटक्यात उघडलं.
बंद घराचं कुलूप असं उघडत नाही.
त्याला खोबरेल लागतं, दोनचार शिव्या लागतात.
माझ्या लक्षात आलं, पण मी बोलले नाही.

आत सिमेंटचा पत्रा दोन जागी फुटलेला,
ओट्याच्या सांध्यात पिंपळ हातभर वाढलेला,
न्हाणीच्या भिंतीला पोपडे.
एक भेग चौकटीपासून निघून
थेट देवळीपर्यंत गेलेली, करंगळी आत जाईल अशी.
ॲपमध्ये करंगळी नाही.
'मध्यम' निवडलं.

मग बिलं काढली.
एक युनिट.
एक युनिट.
एक युनिट.
"काका, शून्य पाहिजे होतं."

म्हणाले, मी लेकीकडे असतो, मखमलाबादला.
चार तारखेला येतो फक्त.
शंभरचा बल्ब, रात्री आठ ते सकाळी सहा.
दहा तास. एक युनिट बरोबर बसतं.
"इंदू गेली, मी लेकीकडे गेलो,
तर पुढच्या बिलावर 'बंद' छापून आलं.
मला ते बघवलं नाही."
एवढंच. पुढे काही सांगितलं नाही,
पत्र्याच्या भोकाकडे बघत राहिले,
कामावरच्या एखाद्या बिघडलेल्या नगाकडे बघावं तसे.

नियमाला एक पळवाट आहे:
तीन युनिटपर्यंत चालतं, सर्वेक्षकाने कारण द्यावं,
वीस अक्षरांत.
मी लिहिलं: येथे महिन्याला एक युनिट माणूस राहतो.
रकाना लाल झाला.
खोडलं.
सगळे जे लिहितात तेच लिहिलं: मीटर सदोष.

त्यांनी खांद्यावरून वाचलं.
"मीटर नीट आहे, ताई," म्हणाले,
"मी दर वेळी घड्याळ लावून बघतो."
असा आवाज मी पहिल्यांदा ऐकला त्यांचा.
कुणी त्यांच्या हातच्या कामात
सुताएवढी चूक काढली असावी तसा.
मी म्हटलं, काका, सव्वा लाख आहेत.
ते गप्प बसले.
सव्वा लाखात पत्रा होतो, न्हाणी होते,
एखादी खिडकीही.

फोटो तीन वेळा परत आला.
'व्यक्ती आढळली.'
पहिल्यांदा ते दारात होते,
दुसऱ्यांदा मोरीच्या आडून कोपर,
तिसऱ्यांदा नुसत्या चपला, उंबऱ्याशी,
एकीचा अंगठा तारेने शिवलेला.
"मी रस्त्यावर जातो," म्हणाले,
आणि चपला हातात घेऊन
अनवाणीच गेले, कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत.
चौथा फोटो मान्य.
घर रिकामे. हिरवी खूण.

गाडीला किक मारली तेव्हा परत आले.
पायाला गिरणीचं पीठ.
पहिला हप्ता कधी, हे विचारलं नाही.
यादीत नंबर कितवा, हेही नाही.
"आता पैसे मिळेपर्यंत
चार तारखेला दिवा लावायचा की नाही?"

माझ्याकडच्या बेचाळीस प्रश्नांत हा नव्हता.
परवा चार तारीख आहे.